भावना दुखावल्या, हे कोणाच्या मनाने मोजायचे?

पाणवठा:

आमच्या शाळेतील जुन्या वर्गमित्रांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. महिन्याभरापूर्वी मी तेथे एका ऐतिहासिक पुरुषाच्या एका राजकीय निर्णयाबद्दल चार परिच्छेद लिहिले. तो निर्णय चुकला, असे माझे मत आहे आणि ते तसे का आहे याची कारणेही मी दिली होती. भाषा सभ्य होती, असे मला तरी वाटते. तासाभरात एका मित्राने लिहिले की, या मजकुराने त्याच्या आणि समाजाच्या भावना दुखावल्या आहेत आणि मी तो काढून टाकला नाही, तर तो पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज देईल. गटाचा चालक असलेला दुसरा मित्र सरकारी नोकरीत आहे. त्याने मला फोन करून अक्षरशः विनवले, आणि मी मजकूर काढून टाकला.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. ज्याने धमकी दिली तो मित्र वाईट माणूस नाही; माझे वडील आजारी असताना तो सलग कित्येक रात्री रुग्णालयात बसला होता. त्यामुळे त्याने हे निव्वळ राजकारणापोटी केले असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. त्याला खरोखरच लागले असणार. पण एखाद्याला लागले, एवढ्यावरून बोलणाऱ्याचे बोलणे थांबवण्याचा अधिकार त्याला मिळतो का? कायदा याबाबत नेमके काय सांगतो, आणि कायदा बाजूला ठेवला तर आपण सुज्ञ माणसे म्हणून कोणते माप वापरावे? ‘भावना दुखावल्या’ हे ठरवायचे तर ते कोणाच्या मनाने ठरवायचे? कृपया पक्षांची नावे मध्ये न आणता उत्तरे द्यावीत, कारण आज एका बाजूचे लोक जी तक्रार करतात तीच उद्या दुसऱ्या बाजूचे लोक करताना मी पाहिले आहे.

जुनी सनद:

मी बावीस वर्षे फौजदारी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या भागापुरते लिहितो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) मध्ये त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील याची यादी आहे. त्या यादीत आठ कारणे आहेत: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘कोणाच्या तरी भावना दुखावल्या’ हे कारण या आठांत नाही, आणि ही गोष्ट लोकांना सांगितली की त्यांना आश्चर्य वाटते.

ही यादी अशी का झाली हेही पाहण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० या एकाच दिवशी दोन निकाल दिले. एका प्रकरणात मुंबईहून निघणाऱ्या डाव्या विचारांच्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी रद्द झाली, तर दुसऱ्यात दिल्लीच्या एका उजव्या विचारांच्या साप्ताहिकावर लादलेली पूर्वतपासणी, म्हणजे छापण्यापूर्वी मजकूर सरकारला दाखवण्याची सक्ती, रद्द झाली. पक्षांची नावे मध्ये आणू नका, असे आपण म्हणता, तेव्हा मला हे दोन निकाल आठवतात. त्या दिवशी न्यायालयानेही तेच केले होते. सरकारला ते मानवले नाही आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ व ‘गुन्ह्याला चिथावणी’ ही कारणे यादीत आली. त्याच दुरुस्तीने ‘वाजवी’ हा शब्दही आला, आणि पुढे तोच शब्द नागरिकांच्या उपयोगी पडला.

भावनांचा उल्लेख असलेले कलम आहे, पण ते वेगळे आहे. लाहोरमधील एका पुस्तिकेवरून वादळ उठल्यानंतर १९२७ मध्ये इंग्रज सरकारने भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ घातले; आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. त्यात केवळ धार्मिक भावनांचा विचार आहे, आणि तेथेही बोलणाऱ्याने बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने धर्माचा वा धर्मश्रद्धांचा अपमान केलेला असावा लागतो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले ते याच आधारावर: अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान त्यात येत नाही. ऐतिहासिक पुरुषांच्या बाबतीत लोक बहुधा जुन्या कलम १५३-अ चा, म्हणजे आताच्या कलम १९६ चा आधार घेतात. ते गटागटांत शत्रुत्व पसरवण्याबद्दल आहे. त्यासाठी मुळात दोन गट असावे लागतात, आणि त्यांच्यात वैर निर्माण करण्याचा हेतू असावा लागतो. एका राजकीय निर्णयावरील कारणांसहित टीका यांपैकी कशातच बसत नाही.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. कोणाच्या मनाने मोजायचे, याचे उत्तर १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, खंबीर आणि धैर्यवान माणसांच्या मापाने तपासावा; दुबळ्या व डळमळीत मनांच्या मापाने नव्हे, आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या मापाने तर नव्हेच. सर्वोच्च न्यायालयाने हेच माप १९८८ मध्ये एका दूरदर्शन मालिकेच्या प्रकरणात स्वीकारले, २००७ मध्ये महाराष्ट्रातच गाजलेल्या एका पुस्तकाच्या प्रकरणात गुन्हा रद्द करताना वापरले आणि २०२५ मध्ये एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द करतानाही वापरले. ज्या खटल्यातून ते निघाले तो पत्रकाराचा होता, आणि निकाल परकीय राजवटीतील होता, हे मला दरवेळी विशेष वाटते.

आपल्या गटचालक मित्राला एवढे सांगा की, २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केले आहे की, समान उद्देश असल्याचे दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी केवळ गटचालक म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की न्यायालयांची वाट सरळ राहिलेली नाही. गांधीजींवरील एका मराठी कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असे म्हटले की, आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले असतील तर अश्लीलतेची कसोटी अधिक कडकपणे लावावी. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे. आपल्या मजकुरात तसे काही नसेल, तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

उंबरठा:

वकीलसाहेबांचे विवेचन मी दोनदा वाचले. त्यातील कायद्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र ‘कणखर आणि धैर्यवान मनाचे माप’ हे शब्द वाचून मी अडले, आणि का अडले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

मी महाविद्यालयात असताना वसतिगृहात राहत होते. तेथे जेवणाच्या खोलीत माझ्या जातीवरून बोलले जाई. कधी सरळ, बहुतेकदा आडून. मी एकदा अधीक्षिकांकडे गेले, तेव्हा त्यांनी मला मायेनेच सांगितले की, इतके मनाला लावून घेऊ नये, माणसाने घट्ट व्हावे. त्या बाईंचा हेतू चांगला होता. पण जे घट्ट होण्याचा उपदेश करत होते त्यांच्यापैकी कोणालाही कधी घट्ट होण्याची गरज पडली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होते. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अपमान आला नाही, त्याचे मन कणखर असणे स्वाभाविक आहे. त्याच्या मनाचे माप सर्वांना लावले, तर ते माप तटस्थ राहत नाही.

म्हणून मला वाटते की दुखावले जाणे आणि अवमानित होणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. माझ्या श्रद्धास्थानावर कोणी टीका केली, तर मी दुखावते. तो त्रास मी सोसला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण माझ्या जन्मावरून मला इतरांच्या देखत हीन ठरवले जाते, तेव्हा प्रश्न भावनांचा उरत नाही. त्या खोलीत, त्या वर्गात, त्या गावात मी इतरांच्या बरोबरीने उभी राहू शकते की नाही, असा तो होतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर मानखंडना करण्याच्या हेतूने अपमानित करणे हा गुन्हा ठरवला, तो याच कारणाने. द्वेषमूलक भाषणाबद्दल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही असाच विचार मांडला होता: अशा भाषणाने गटाला बहुसंख्यांच्या नजरेत हलके पाडले जाते, आणि पुढे होणाऱ्या बहिष्काराची व हिंसेची भूमी तयार होते. जखम आज दिसत नाही म्हणून ती झालीच नाही, असे म्हणता येत नाही.

पाणवठा, तुमच्या चार परिच्छेदांना मी या वर्गात घालत नाही. एखाद्या थोर पुरुषाचा निर्णय चुकला असे म्हटल्याने कोणाचेही माणूसपण कमी होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, तुमच्यावर अन्याय झाला म्हणून ‘दुःखाला किंमत नाही’ असा सर्वसाधारण नियम तुम्ही मनात धरू नका. बलवान गट स्वतःच्या दुखावलेल्या भावनांसाठी कायद्याला हाक मारतो तेव्हा पोलीस लगेच येतात, आणि आमच्यासारख्यांना ठाण्यात तक्रार लिहून घेतली जावी म्हणूनच तासन्‌तास बसावे लागते. ‘कोणाच्या मनाने मोजायचे’ हा प्रश्न तुम्ही विचारलात, त्याच्याशेजारी ‘कोणाच्या तक्रारीवर यंत्रणा हलते’ हाही प्रश्न ठेवा.

जुनी सनद:

ताई, आपली दुरुस्ती मी स्वीकारतो. बोस यांच्या मापाचा उगम राजद्रोहासारख्या आरोपांत आहे, जेथे एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला लिहिणारा असतो. सामाजिक मानखंडनेच्या गुन्ह्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाही, आणि १९८९ च्या कायद्यात कसोटी मानखंडना करण्याच्या हेतूची आहे. ऐकणाऱ्याचे मन किती कणखर आहे याची नाही. माझ्या पहिल्या उत्तरात हा फरक यायला हवा होता.

शेवटचा बाक:

मी तक्रार करणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

दहा-अकरा वर्षांपूर्वी एका तरुणाने फेसबुकवर आमच्या श्रद्धास्थानाबद्दल काही लिहिले. आम्ही पंधरा-वीस जण ठाण्यावर गेलो आणि अर्ज माझ्या सहीने दिला. मला तेव्हा खरोखर रडू येत होते. ते नाटक नव्हते. गुन्हा नोंदला गेला. मला वाटले होते की त्याला दोन दिवस भीती वाटेल, तो माफी मागेल आणि विषय संपेल. पण गुन्हा एकदा नोंदला गेला की तो फिर्यादीच्या हातात राहत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या मुलाचा फोन जप्त झाला, त्याला आठवड्याआड ठाण्यात हजेरीला जावे लागे, त्याची नोकरी सुटली, आणि परदेशी जाण्याची संधी आली तेव्हा प्रलंबित खटल्यामुळे पारपत्र अडकले. त्याच्या आईने एकदा मला रस्त्यात थांबवून विचारले, ‘अजून किती?’ मी माझा अर्ज मागे घ्यायला गेलो, तर अधिकाऱ्याने सांगितले की आता हे प्रकरण सरकार विरुद्ध आरोपी असे आहे.

त्याने जे लिहिले ते मला आजही आवडत नाही. ते अडाणीपणाचे होते असेच मी म्हणेन. पण एका वाक्यासाठी एवढी किंमत वसूल व्हावी, असे माझ्या मनात नव्हते. पाणवठा, तुमच्या मित्राला हा अनुभव वाचायला द्या. त्याच्या दुःखाला खोटे म्हणू नका. ते खरे असणार, कारण माझेही खरे होते.

जुनी सनद:

हा अनुभव महत्त्वाचा आहे. शेवटी निर्दोष सुटका होईलच, हे आरोपीला पुरेसे नसते. मी आधी सांगितलेली दोन्ही कलमे (२९९ आणि १९६) दखलपात्र व अजामीनपात्र आहेत, म्हणजे पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. या कलमांखाली न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, पण गुन्हा नोंदवायला ती लागत नाही, आणि माणसाची फरपट तर नोंदणीपासूनच सुरू होते. इंटरनेटवरील आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. ते प्रकरण न्यायालयापुढे गेले, त्याला २०१२ मध्ये पालघरमध्ये फेसबुकवरील एका मजकुरावरून झालेली दोन तरुणींची अटक निमित्त झाली होती. तरीही त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाला ते थांबवण्याचे निर्देश द्यावे लागले.

आता एक दिलासा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांना, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. वर उल्लेखलेल्या २०२५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले आहे की, शब्दांवरून आरोप असतील तेव्हा अशी चौकशी आधी करणे योग्यच होय. कोणाला बोलावणे आले, तर हा मुद्दा लेखी मांडावा.

टिपणवही:

मी इतिहासाची शिक्षिका होते. मला दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली अशी की, भावनांची मागणी कायद्याने करणे आपल्याकडे नवे नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा कलम १२४-अ मधील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी पंचांना (ज्यूरीला) असा सांगितला की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारबद्दल प्रेम नसणे हेच अपराधाच्या कक्षेत आले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम आकुंचित केले आणि हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरतेच ठेवले. एखाद्या ऐतिहासिक पुरुषावर टीका झाली म्हणून कोणी पोलिसांकडे जातो, तेव्हा तो नकळत स्ट्रॅचींचीच व्याख्या वापरत असतो. आदर नाही, म्हणून अपराध आहे, असे त्याचे म्हणणे असते. आदर मनात उपजावा लागतो. तो ठाण्यातून मिळवता येत नाही.

दुसरी गोष्ट पाणवठा यांच्यासाठी आहे, आणि ती थोडी कडू लागेल. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर त्यांच्या वृत्तपत्रांनी जे आरोप केले, ते ज्या पत्रव्यवहारावर आधारले होते तो बनावट निघाला. त्यांचा हेतू शुद्ध होता, कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दलची त्यांची तळमळ खरी होती आणि लोक त्यांच्या पाठीशी होते. तरी लिहिलेले खरे नव्हते. मत आणि तथ्य यांची सरमिसळ किती सहज होते, याचे हे उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगत असे. आपण मत मांडतो असे आपल्याला वाटत असते, आणि त्या मतात हळूच एखादा आरोप शिरलेला असतो. ‘त्यांचा निर्णय चुकला’ हे मत झाले. ‘त्यांनी तो स्वार्थापोटी घेतला’ हे विधान मात्र पुरावा मागते. तुमचे चार परिच्छेद मी वाचलेले नाहीत, पण मित्राच्या जिव्हारी नेमके कोणते वाक्य लागले, हे तुम्ही त्याला विचारले होते का?

पाणवठा:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मधल्या काळात मी टिपणवही यांनी सांगितले तेच केले.

काढून टाकलेला मजकूर माझ्याकडे जपून ठेवलेला होता. तो पुन्हा वाचताना तिसऱ्या परिच्छेदातले एक वाक्य मला खटकले. निर्णयामागे सत्तेचा लोभ होता, असे मी लिहिले होते. त्याला माझ्याकडे आधार नव्हता. एका जुन्या भाषणात ऐकलेली ती गोष्ट होती. मी मित्राला फोन केला आणि नेमके काय लागले ते विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने तेच वाक्य सांगितले. बाकीच्या मजकुराबद्दल त्याचे म्हणणे असे होते की, ते त्याला पटत नाही, आणि पटत नाही म्हणूनच त्याला त्या दिवशी उत्तर सुचले नाही.

मी ते वाक्य काढले आहे आणि काढले असल्याचे स्पष्ट सांगून उरलेला मजकूर काल रात्री गटावर पुन्हा टाकला आहे. गटचालक मित्राला नागपूर खंडपीठाच्या निकालाची माहिती आधीच दिली होती. त्याने या वेळी फोन केला नाही. उंबरठा ताईंचे उत्तर मी तक्रारीची धमकी देणाऱ्या मित्राला आणि माझ्या मुलीलाही वाचायला दिले. त्यातील वसतिगृहाच्या प्रसंगाबद्दल माझ्या मुलीने मला असे काही प्रश्न विचारले की, त्यांची उत्तरे मला अजून देता आलेली नाहीत. शेवटचा बाक यांचा अनुभव मात्र मी मित्राला पाठवला नाही, कारण तो त्याला धमकीसारखा वाटेल अशी मला भीती वाटली. तो मी त्याला समोर बसून वाचून दाखवणार आहे.

आज सकाळी त्याने गटावर लिहिले आहे की, माझ्या दुसऱ्या परिच्छेदातील सनावळी चुकीची आहे आणि तो रविवारपर्यंत सविस्तर उत्तर देईल.